डावा कान

आमचा डावा कान आम्हांस सोडून चालला आहे, ही वार्ता आम्हांस सर्वांच्या शेवटी कळली. घरात ती पुष्कळ दिवस माहीत असली पाहिजे. सौभाग्यवती जेवताना नेमाने आमच्या उजव्या हातास बसू लागल्या होत्या, आणि आम्ही त्या गोष्टीचा अर्थ आमच्या परीने काहीसा काव्यमय लावून घेतला होता. वस्तुस्थिती इतकीच होती की, डाव्या बाजूने त्यांनी मीठ मागितले तर ते त्यांस मिळत नसे.

पण मिठावाचून जेवण एक वेळ चालते. वर्गात जे घडले ते तसे नव्हते. उल्हासनगरच्या ज्या महाविद्यालयात आम्ही गेली पुष्कळ वर्षे इंग्रजी शिकवीत आहो, तेथे आमच्या डाव्या हातास मुलींची बाके आहेत. गेल्या सहामाहीत त्यांतील एक मुलगी दोन वेळा उभी राहून काही विचारती झाली आणि दोन्ही वेळा आम्ही पुस्तकातून मान वर न काढता पुढे वाचीत राहिलो. तिसऱ्या वेळी ती उभीच राहिली नाही. पुढे एका सहकाऱ्याकडून आमच्या कानी (उजव्या) आले की, 'सर मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना उत्तर देत नाहीत' असे ती मैत्रिणींजवळ म्हणाली. आम्ही स्वतः मराठी शाळेतून इंग्रजीकडे आलेले. हे बोलणे आम्हांस जितके लागले तितके फार थोड्या गोष्टी आजवर लागल्या असतील. दुसऱ्याच दिवशी आम्ही कल्याणास कानाच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी आम्हांस एका लहानशा बंद खोलीत बसवून कानांवर टोप्या चढविल्या आणि निरनिराळ्या उंचीचे स्वर ऐकवून एक आलेख काढला. उजव्या कानाची रेघ बरीचशी सरळ होती. डाव्या कानाची रेघ सेकंदास 4000 कंपनांच्या आसपास अशी काही खाली कोसळली होती की, तिकडे पाहून आम्हांस माळशेज घाटाची आठवण झाली. डॉक्टरांनी त्या दरीवर बोट ठेवून विचारले, "कधी बंदूक चालवली होती का?"

आम्ही हसलो. वर्ड्‌स्वर्थ शिकविणाऱ्या मनुष्याला हा प्रश्न! परंतु हसता हसताच आठवले, की होय, चालविली होती.

महाविद्यालयात नोकरीस लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी तेथील राष्ट्रीय छात्रसेनेच्या तुकडीला अधिकारी हवा होता, आणि त्या जागेसाठी लागणारी सर्वांत मोठी पात्रता, म्हणजे नाही म्हणता न येणे, ती आमच्या ठायी पूर्णपणे होती. पुढे दहा वर्षे आम्ही खाकी गणवेश घालून पोरांबरोबर नेमबाजीच्या मैदानावर उताणे नव्हे, पालथे पडलो. पॉइंट टू-टू बोअरची रायफल ही तशी सौम्य वस्तू. परंतु एका शिबिरात आम्हांस मोठी स्वयंभरण रायफल, म्हणजे जिला फौजेत सर्वजण एसएलआर म्हणत ती, चालविण्यास मिळाली. तीन दिवस ती चालविली. कानांत घालावयास काही मिळेल काय, असे आम्ही पहिल्या दिवशी विचारले होते. तेथील एकाने हसून म्हटले, "साहेब, कापूस कानात घालायला तुम्ही काय लग्नघरच्या आजी आहात?" सगळे हसले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही हसलो. त्या हसण्याची किंमत आता आलेखावर दिसत होती.

डावाच कान का, याचेही उत्तर डॉक्टरांनी दिले. उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचे डोके किंचित वळलेले असते. उजवा कान खांद्याच्या व डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा कान नळीच्या तोंडाकडे उघडा राहतो. मोठ्या रायफलीच्या बाराचा आवाज चालविणाऱ्याच्या कानाशी 155 ते 165 डेसिबलपर्यंत जातो. 140 च्या वर एकच आघात झाला तरी तो कानाच्या आतील सूक्ष्म केसांना इजा करू शकतो. ते केस एकदा गेले की पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरील केसांच्या बाबतीत आम्ही हे दुःख पूर्वीच पचविले होते. आतही तोच प्रकार चालू असेल हे ठाऊक नव्हते.

ही गोष्ट आम्ही महाविद्यालयात कोणासही सांगितली नाही. का सांगितली नाही, याचे समर्थन आम्हांस करता येत नाही. निवृत्तीला थोडी वर्षे राहिली असता मनुष्य आपल्या अंगातील कोणता अवयव रजेवर आहे याची दवंडी पिटीत नाही, एवढेच म्हणता येईल.

अशा स्थितीत, गेल्या वैशाखात, बदलापूरचा आमचा एक जुना विद्यार्थी सुट्टीवर आला असता आम्हांस भेटावयास अंबरनाथला घरी आला. छात्रसेनेत तो आमच्या हाताखाली होता. त्याला पहिली गोळी आम्हीच मारावयास शिकविली, असे तो सर्वांना अभिमानाने सांगतो. आमचे नेम कसे लागत हे तो सौजन्याने सांगत नाही. आज तो एका सशस्त्र दलात आहे. कोणत्या, ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

चहा होता होता तो डोळे चोळीत होता. सौभाग्यवतींनी विचारले, "का रे, डोळे आलेत का?"

"नाही, काकू. हे आता नेहमीचंच झालंय," तो म्हणाला, आणि मग आमच्याकडे वळून त्याने जे सांगितले ते असे: त्यांच्या तुकडीला सरावासाठी ज्या रायफली दिल्या आहेत त्यांच्या नळीच्या तोंडाला आवाज दाबणारे नळकांडे लावण्याची सोय आहे. सायलेन्सर म्हणा, हल्ली सप्रेसर म्हणतात. ते लावले की कानाला बरे वाटते, पण एक मॅगझिन संपते न संपते तोच मागच्या बाजूने धूर तोंडावर येतो, डोळ्यांतून पाणी वाहू लागते, घसा खवखवतो आणि समोरचे लक्ष्य पुसट होते. "आणि सर, वास कसला येतो म्हणाल तर तबेल्याचा! मी तर सरावाला ते काढूनच ठेवतो. कानाचं काय, दोन तासांनी शिट्टी वाजायची थांबते."

ही शेवटली दोन वाक्ये ऐकून आमच्या पोटात गोळा उठला. दोन तासांनी शिट्टी थांबते, असे आम्हीही एके काळी म्हणत होतो.

परंतु धूर मागे का यावा, हे आम्हांस सांगता येईना. इंग्रजी वाङ्मयात याचे उत्तर नाही. सुदैवाने आमच्या इमारतीत तळमजल्यावर तात्या राहतात. तात्या अंबरनाथच्या आयुध कारखान्यात पितळेच्या कामावर पस्तीस वर्षे होते. हा कारखाना व त्याच्या शेजारचा यंत्रांचे नमुने घडविणारा कारखाना 1950 च्या दशकात येथे आले, आणि त्यांच्या भोंग्यांवर या गावाने कितीतरी वर्षे आपली घड्याळे लावली. 1 ऑक्टोबर 2021 रोजी देशातील सर्व आयुध कारखान्यांची सात कंपन्यांत वाटणी झाली, तेव्हा हे दोन सख्खे शेजारी दोन निराळ्या कंपन्यांकडे गेले. ही वाटणी तात्यांना अजून रुचलेली नाही, आणि त्याविषयी बोलू लागले म्हणजे ते रात्रीचे जेवण विसरतात. म्हणून आम्ही त्यांना वर बोलावून एकदम तबेल्याच्या वासावरच आणले.

तात्यांनी चष्मा पुसला. "अमोनिया," ते म्हणाले. "दारू जळाली की त्यात थोडा अमोनिया असतोच. आमच्या पितळेचा तो जुना वैरी."

येथे तात्यांचा पितळेकडे जो ओघ वळला तो आम्ही अडविला नाही, आणि वाचकांनीही अडवू नये, कारण ती हकीगत खरोखरीच गोड आहे. काडतुसाचे पितळ म्हणजे शंभरात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. त्याच्या जाड पत्र्यातून चकती कापतात, चकतीची वाटी करतात, आणि ती वाटी दाबून, ओढून, मधून मधून तापवून मऊ करून तिची लांब पुंगळी बनवितात. ओढताना धातूच्या अंगात जो ताण शिरतो तो बाहेरून दिसत नाही. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील पलटणींच्या असे ध्यानात आले की, पावसाळ्यात मोहिमा थंडावल्यावर काडतुसे तबेल्यांत ठेवली तर पाऊस संपेतो त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप तडे जातात. बिचाऱ्या पावसाळ्यावर आळ आला, आणि त्या दुखण्याला ऋतूच्याच नावाने ओळखू लागले. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या तिघांनी त्याचा खरा उलगडा केला: घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसतो आणि जेथे आत ताण राहिलेला असतो तेथे त्याला चिरत जातो. उपाय साधा निघाला. पुंगळी शेवटी बेताच्या उष्णतेवर पुन्हा तापवून तिच्या अंगातील ताण काढून टाकावा, आणि तिला घोड्यांपासून दूर ठेवावी.

"बदलापूरला तर घोडेच बदलत होते म्हणतात," आमचा विद्यार्थी म्हणाला. मराठ्यांच्या फौजा येथे घोडे बदलीत म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, ही आख्यायिका तेथील प्रत्येक मुलाला पाठ असते. तात्यांना ती फार आवडली. म्हणाले, "मग दारूगोळा अंबरनाथला ठेवला ते बरंच केलं म्हणायचं."

असो. पितळेची पुंगळी हा, खरे पाहता, मागे येणाऱ्या धुरावरचा मानवजातीने काढलेला पहिला चांगला उपाय होय. नळीच्या मागच्या बाजूने काडतूस भरण्याची युक्ती प्रथम निघाली तेव्हा सर्वांत मोठी अडचण हीच होती की, पुढे जावयाचा वायू मागच्या फटीतून चालविणाऱ्याच्या तोंडावर येई. प्रशियाच्या सैनिकांची सुप्रसिद्ध ड्रायझे बंदूक कागदी काडतुसाची होती. तिच्यातून एवढा झोत मागे येई की, पुष्कळ शिपाई ती गालाला न लावता कमरेशी धरूनच झाडीत. नेम गेला तरी चालेल, पण डोळा राहिला पाहिजे! फ्रेंचांनी 1866 च्या आपल्या शास्पो बंदुकीत त्या फटीला रबराची चकती बसविली. ती चार बारांत जळून कडक होऊ लागे. पितळेने हा प्रश्न सोडविला. बार होताच पुंगळीची पातळ भिंत आतील दाबाने फुगून नळीला गच्च चिकटते आणि मागची वाट बंद करते. दाब उतरला की तीच भिंत लवचीकपणे आत येते आणि पुंगळी सहज बाहेर काढता येते. मोठ्या रायफलीत हा दाब चौरस इंचास 50,000 पौंडांच्या आसपास असतो, आणि गोळी नळीतून बाहेर पडावयास सेकंदाचा सुमारे हजारावा भाग पुरतो. एवढ्या वेळात पितळेने फुगावे आणि आकसावे! तात्यांनी हे सांगताना आपली मूठ उघडून मिटून दाखविली. पस्तीस वर्षे ज्याने ते पितळ घडविले त्याच्या त्या मुठीकडे पाहून आम्हांस आमच्या व्यवसायाविषयी थोडी लाज वाटली.

मग ही पुंगळी असता धूर पुन्हा मागे का? तात्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केले. "कुकरची वाफ जिरायच्या आधी झाकण काढलं तर काय होतं, वहिनींना विचारा."

स्वयंभरण रायफलीत नळीच्या वाटेवर एक बारीक भोक असते. गोळी त्या भोकापुढून गेली की तिच्यामागच्या वायूचा थोडा अंश त्यातून वर शिरतो आणि एका दट्ट्याला मागे ढकलतो. तो दट्ट्या बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टाला परत आणते आणि येता येता नवे काडतूस आत बसते. सारा हिशेब वेळेचा आहे. गोळी तोंडातून बाहेर पडताच नळीतील दाब एकदम ओसरतो, दट्ट्याला मिळणारा जोर थांबतो, आणि बोल्ट उघडेपर्यंत आत फारसे काही उरलेले नसते. आता त्या तोंडाला नळकांडे लावा. त्याच्या आत पडद्यामागून पडदे असतात. वायू त्यांत अडखळत, फिरत, थंड होत बाहेर पडतो आणि म्हणूनच आवाज दबतो. पण तो रेंगाळतो. नळीत दाब अधिक वेळ राहतो, त्या बारीक भोकातून दट्ट्याला अधिक वायू मिळतो, आणि बोल्ट नेहमीपेक्षा लवकर व जोराने उघडतो. पुंगळी अजून नळीला चिकटलेली, आत वाफ कोंडलेली, आणि झाकण उघडलेले! पुढची वाट अरुंद झालेला वायू मग मागच्या दाराने, म्हणजे चालविणाऱ्याच्या नाकाशी, बाहेर येतो. त्यात जळक्या दारूचा धूर असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, तो तबेल्याचा वास असतो, आणि काडतुसाच्या टोपीतील व गोळीतील शिशाचे सूक्ष्म कणही असतात.

ज्या रायफलींत दट्ट्याच नसतो, वायू एका बारीक नळीने थेट बोल्टाच्या घरात सोडलेला असतो, त्यांत हा त्रास सर्वांत अधिक. अमेरिकेतील यूजीन स्टोनर यांनी 1950 च्या दशकात ही रचना केली. ती हलकी आणि नेमाला चांगली ठरली, पण तिच्यात धुराचे कोठार चालविणाऱ्याच्या गालाखालीच आले. दट्ट्याच्या रायफलीही सर्वस्वी निर्दोष नव्हत. 1999 च्या कारगिलच्या युद्धात आपल्या इन्सास रायफलीविषयी ज्या तक्रारी आल्या त्यांत चालविणाऱ्याच्या डोळ्यांत तेल उडते, ही एक होती. तिला तर नळकांडेही लावलेले नव्हते.

"मग उपाय?" आम्ही विचारले.

उपाय तात्यांना एसएलआरपासूनच ठाऊक होता, आणि विनोद असा की, तो तीन दिवस आमच्या डोळ्यांपुढे होता व आम्ही त्याच्याकडे पाहिले नव्हते. त्या रायफलीच्या नळीवर, पुढच्या बाजूस, आकडे घातलेले एक कडे असते. ते फिरविले की एक वाढीव छिद्र कमीअधिक उघडते आणि जास्तीचा वायू दट्ट्याकडे न जाता तेथूनच, तोंडापासून दूर, हवेत निघून जातो. कडे पूर्ण उघडून एकेक गोळी भरून झाडीत जावे, बोल्ट मागे पुरता जाऊन अडकू लागेपर्यंत ते थोडे थोडे बंद करावे, आणि मग भरवशासाठी आणखी दोन घरे फिरवून ठेवावे, अशी तिची रीत होती. नळकांडे लावले तर अर्थातच वायू कमी लागणार. म्हणजे कडे पुन्हा मोजून अधिक उघडे ठेवावयाचे. हल्लीच्या पुष्कळ रायफलींना याचसाठी दोन किंवा अधिक खुणा केलेल्या असतात. ज्यांना तशी सोय नाही त्यांत भोकाचा मार्ग अरुंद करणे, मागे सरकणारा भाग किंवा त्याच्या पाठीची लोढणी जड करणे म्हणजे झाकण किंचित उशिरा उघडेल, मागची फट बुजवून झोत बाजूला वळविणे, असे उपाय कारागीर करतात. अगदी अलीकडे नळकांड्याचीच अशी रचना निघाली आहे की, वायू आत न रेंगाळता वळणावळणाने पुढेच निघून जावा. आवाज थोडा अधिक राहतो, पण तोंडावर फारसे काही येत नाही.

हे सर्व ऐकून आमच्या विद्यार्थ्याला आनंद होईल अशी आमची समजूत होती. तो गप्प होता. मग म्हणाला, "तात्या, खूण आहे आमच्या रायफलीला. मला माहीत आहे. पण तिथे फिरवून ठेवली आणि रायफल मळलेली असली, किंवा गारठ्यात वंगण घट्ट झालेलं असलं, तर वायू कमी पडतो. बोल्ट अर्ध्यात थांबतो. सरावात थांबला तर लोक हसतील. बाहेर थांबला तर?"

यावर आमच्यापाशी शब्द नव्हता. रायफल ज्यांनी केली त्यांनी वायू आधीच थोडा जास्त ठेवलेला असतो तो याचसाठी. डोळ्यांत आलेला धूर हा त्या भरवशाचा भाडेपट्टा आहे. खुर्चीवर बसून चहा पिणाऱ्या मनुष्याने त्याला 'अरे, खूण फिरव' म्हणून सांगणे किती सोपे!

तात्या मात्र डगमगले नाहीत. त्यांच्या मते हा धैर्याचा प्रश्न नव्हता, मोजण्याचा होता. रायफल स्वच्छ असताना आणि मळलेली असताना, उन्हात आणि पहाटेच्या गारठ्यात, त्याच काडतुसांनी, त्याच नळकांड्यासह दोन्ही खुणांवर ती किती वेळा अडते ते मैदानावर मोजावे, तेही आपल्या शस्त्रकारागिराला बरोबर घेऊन. सरकारी हत्यारात आपल्या मनाने काही घासू नये की बुजवू नये. जेथे ती अडत नाही ती खूण सरावासाठी कायम करावी. नळकांड्यात साचलेली काजळी काढीत जावी. डोळ्यांना बंद चष्मा लावावा, वारा पाठीकडून येईल असे उभे राहता आले तर राहावे, आणि हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नये, कारण शिसे पोटात जाते ते बोटांवाटे. "आमच्या खात्यात जेवणाआधी साबणाने हात धुतले नाहीत तर मुकादम डब्याला हात लावू देत नसे," तात्या म्हणाले.

"आणि कान?" सौभाग्यवतींनी विचारले. त्यांनी हे मुद्दाम विचारले, अशी आमची खात्री आहे.

विद्यार्थी हसला. "काकू, कानाला काही होत नाही. सवय होते."

तेव्हा आम्ही उठलो, कपाटातून तो आलेख काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. जे आम्ही प्राचार्यांना सांगितले नव्हते, सहकाऱ्यांना सांगितले नव्हते, ते आमच्या हाताखाली शिकलेल्या त्या पोराला सांगताना आम्हांस फार जड गेले. डावी रेघ कोणती, ती कोठे कोसळते, हे सांगितले. स, श, फ, ट ही अक्षरे डावीकडून आली तर आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत, हे सांगितले. त्या मुलीची हकीगतही सांगितली. तीन दिवसांच्या शिबिराचे आणि दहा वर्षांच्या मैदानाचे हे फळ, आणि त्याचे तर प्रत्यही काम तेच.

तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, तेव्हा कापूस मागितल्याबद्दल तुम्हांला हसले होते ना, त्यात मी पण होतो."

आम्हांस हे ठाऊक नव्हते. किंवा ठाऊक असून विसरलो होतो.

तो गेल्यावर आम्ही काही वाचन केले. हायरॅम मॅक्सिम या गृहस्थाने 1884 मध्ये आपोआप चालणारी पहिली खरी मशीनगन केली. ती बाराच्या धक्क्यावर चाले. तिचा आवाज ऐकता ऐकता तो म्हातारपणी पुरता बहिरा झाला. त्याच्याच मुलाने, हायरॅम पर्सी मॅक्सिमने, 1909 मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले, आणि मोटारींच्या यंत्रांचा आवाज दाबण्याच्या कामातही तो पडला. बापाने केलेला गोंगाट मुलाने दाबावयास घ्यावा, यात आम्हांस काहीतरी हृद्य वाटले. विशेष म्हणजे हा सायलेन्सर चित्रपटांत दाखवितात तसा 'फुस्स' करून थांबत नाही. तो 20 ते 35 डेसिबल आवाज कमी करतो. उरलेलाही मोठाच असतो, आणि गोळी आवाजाच्या वेगाहून जलद असेल तर तिचा हवेतील कडाका वेगळा ऐकू येतोच. म्हणजे नळकांडे लावूनही कानांत बोळे हवेतच. हे आम्ही त्याला पत्राने कळविले. आपल्याकडे सामान्य नागरिकाला असले नळकांडे बाळगण्याची कायद्याने मुभा नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु उल्हासनगरच्या बाजारातून रात्री दहा वाजता बुलेटवरून जाणारी काही मुले आहे तो सायलेन्सरही कापून काढतात, त्यांना कायद्याने नवा लावावयास भाग पाडता आले तर आमची हरकत नाही.

जूनमध्ये महाविद्यालय उघडले. पहिल्याच तासाला आम्ही वर्गात सांगितले की, आमच्या डाव्या कानाला कमी ऐकू येते, तेव्हा डावीकडच्यांनी उत्तर आले नाही तर मोठ्याने विचारावे, लाजू नये. थोडी खसखस पिकली. ती मुलगी आता वरच्या वर्गात आहे. तिला आम्ही मधल्या सुट्टीत बोलावून तेच पुन्हा सांगितले. तिने खाली मान घालून "ठीक आहे, सर" म्हटले. तिचे दोन प्रश्न काय होते, असे आम्ही विचारले. एक ती विसरली होती. दुसरा एका कवितेतील सर्वनामाविषयी होता, आणि त्याचे उत्तर आम्हांस तेथल्या तेथे देता आले नाही.

परवा आमच्या विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. दोन दिवस मोजमाप झाले. कारागीर बरोबर होता. स्वच्छ रायफल दुसऱ्या खुणेवर एकदाही अडली नाही, मळलेली दोनदा अडली. तेव्हा सरावाला दुसरी खूण, आणि बाहेर जाताना पहिली, असे ठरले आहे. डोळ्यांतून पाणी अजून येते, पण पहिल्यासारखे नाही. नळकांडे काढीत नाही, आणि बोळेही घालतो. आणखी काही तो सांगत होता, पण जुन्या सवयीने आम्ही यंत्र डाव्या कानाला लावले होते, म्हणून ते उजवीकडे घेईपर्यंत त्यातले निम्मे निघून गेले. गणपतीला येतो, एवढे शेवटचे ऐकू आले. तात्यांना ते सांगावयास आम्ही खाली गेलो तेव्हा ते सातही कंपन्यांची नावे मुखोद्गत म्हणत बसले होते.